अल्सेशियन, जर्मन शेफर्ड आणि एका क्लबाची वही

टेकडीवरचा

आमच्या मिरजेच्या घरी टायगर आला तेव्हा तो 'अल्सेशियन' होता. कान उभे, पाठ काळी, पाय तांबूस, एवढ्यावर त्याची जात ठरली होती. दूधवाला त्याला 'आलशेशन' म्हणायचा आणि गल्लीतली पोरं 'पोलिस कुत्रा'. टायगर भाकरी-दूध खाऊन चौदा वर्षं जगला आणि शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत गच्चीचा जिना चढत होता.

बऱ्याच वर्षांनी पुण्यात मी ब्रूनो घेतला. हा 'जर्मन शेफर्ड, पेपरवाला'. विकणाऱ्याने (नाव घेत नाही, उगाच भांडण नको) पिल्लाआधी वंशावळीचा पेपरच हातात ठेवला. त्यात आई, बाप, आजे, पणजे, सगळ्यांची लांबलचक जर्मन नावं. आमच्या घराण्यात पणजोबांच्या पलीकडचं कुणाला सांगता येत नाही आणि इथे कुत्र्याची तीन पिढ्यांची कुंडली! मी हुरळलो. ब्रूनो अडीच वर्षांचा झाला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला लागला. उठताना आधी पुढचे पाय रोवायचा, मग मागचा भाग ओढून घ्यायचा. डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. खुब्याची वाटी बशीसारखी उथळ, आणि हाडाचा चेंडू तिच्यातून अर्धा बाहेर.

त्या रात्री मी तो पेपर पुन्हा काढून बसलो. नावं सगळी जागच्या जागी होती, पण खुब्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मग प्रश्न पडला की हा पेपर मुळात लिहितं कोण? जात ठरवतं कोण? शोधत शोधत जाऊन पोचलो जर्मनीतल्या एका क्लबापाशी. गेले काही महिने तेच वाचतोय, म्हणून हा धागा.

तर १८९० च्या आसपास जर्मनीत मेंढ्या राखणारी कुत्री गावोगाव होती, पण 'जर्मन शेफर्ड' नावाची जात नव्हती. थुरिंगियातली कुत्री उभ्या कानांची आणि लांडग्याच्या रंगाची, वुर्टेमबर्गची अंगाने मोठी, शिवाय कुठे आखूड केसांची, कुठे झिपरी. प्रत्येक खोऱ्याचं आपलं कुत्रं. १८९१ मध्ये काही हौशी लोकांनी 'फिलॅक्स' नावाची संस्था काढली. या सगळ्यांतून एक जर्मन कुत्रा घडवायचा असा बेत होता. मात्र कुत्रा कामासाठी घडवायचा की दिसण्यासाठी यावरून वाद पेटला आणि तीन वर्षांत, १८९४ मध्ये, मंडळ फुटलं. आपल्याकडच्या गणेश मंडळांना तीन वर्षं तरी का लागतात असं वाटून गेलं. पण भांडणाचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे सव्वाशे वर्षं पुरणार आहे.

माक्स फोन स्टेफानित्झ हा घोडदळातला अधिकारी. जन्म १८६४, ड्रेस्डेनचा. नोकरीत असताना काही काळ बर्लिनच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात होता, तिथे प्राण्याच्या हाडा-सांध्यांचं ज्ञान आणि पैदाशीची गोडी दोन्ही लागलं. ३ एप्रिल १८९९ रोजी हा आणि त्याचा मित्र आर्टुर मायर कार्ल्सरूहेच्या श्वानप्रदर्शनात फिरत होते. तिथे एक पिवळट-करडा, लांडग्याच्या वळणाचा चार वर्षांचा नर दिसला, नाव हेक्टर लिंक्सराइन. स्टेफानित्झने तो जागेवर विकत घेतला, आपल्या ग्राफराथच्या मळ्यावरून त्याचं नाव होरांड फोन ग्राफराथ ठेवलं, आणि एकोणीस दिवसांनी, २२ एप्रिलला, क्लब स्थापन केला : फेराइन फ्यूर डॉइचे शेफरहुंडे, म्हणजे जर्मन शेफर्ड कुत्र्यांचा संघ. सगळे त्याला नुसतं 'एसव्ही' म्हणतात.

मला सगळ्यात आवडली ती पहिल्या सभासदांची यादी. हे दोघे, शिवाय तीन पट्टीचे मेंढपाळ, दोन कारखानदार, एक वास्तुविशारद, एक महापौर, एक खानावळवाला आणि एक न्यायाधीश. मेंढपाळ आणि न्यायाधीश एका टेबलाशी! त्या काळात इंग्लंडात कुत्र्यांचे क्लब म्हणजे जमीनदारांचा मामला होता. इथे मेंढपाळाचं मत लागत होतं, कारण कुत्रा दिवसभर कळपाभोवती पळतो की नाही हे त्यालाच कळणार.

क्लबाने पहिलं काम केलं ते वही, म्हणजे जातीच्या कुत्र्यांची वंशावळ-नोंदवही, घालण्याचं. तिच्यात पहिली नोंद होरांडची, एसझेड (त्या वहीच्या जर्मन नावाची आद्याक्षरं) क्रमांक १. म्हणजे आदल्या महिन्यापर्यंत जो 'एक मेंढ्यांचा कुत्रा' होता, तो एका नोंदीने जातीचा मूळपुरुष झाला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला फ्रँकफुर्टच्या पहिल्या सभेत जातीचं मानक, म्हणजे कुत्रा कसा असावा याचे नियम, ठरलं. आजही श्वानक्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १६६ क्रमांकाच्या मानकात त्या सभेचा तारखेसकट उल्लेख आहे.

पुढे क्लब वाढला तो अफाट. १९२३ पर्यंत ५०,००० हून जास्त वर्गणीदार आणि ५०० वर शाखा. स्टेफानित्झचा कारभार लष्करी. शाखेशाखेला पैदास-निरीक्षक नेमलेला, कुणाच्या घरी मादी व्याली की हा जाऊन पिल्लं तपासणार, मोजणार. सभासद झालात म्हणजे तुमच्या घरातल्या वेतावरही क्लबाची नजर. आणि आणखी एक गोष्ट त्याने ताडली होती : कारखाने वाढणार, कुरणं आटणार, मेंढरांचं काम संपणार. मग कुत्र्याचं काय? त्याने पोलिसांच्या आणि लष्कराच्या मागे लागून कुत्र्याला नवी नोकरी लावून दिली. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तिथेही हीच जात होती.

स्टेफानित्झ १९३६ मध्ये गेला. तारीख २२ एप्रिल. क्लबाचा वाढदिवस.

अजून बरंच आहे. प्रतिसाद बघून लिहीन. ब्रूनो सध्या बरा आहे, वजन चार किलोने उतरवलंय आणि जिन्याला फळी ठोकलीय.


कांदेपोहे

मस्त लेख. टायगरवर वेगळा धागा हवा. पुढील लेखनाला शुभेच्छा.


पेठेतला पोपट

लेख आवडला, पण मूळ शंका तशीच राहिली. अल्सेशियन आणि जर्मन शेफर्ड एकच की वेगळे? आमच्या वाड्यात एक काका शपथेवर सांगायचे की अल्सेशियन मोठा असतो आणि जर्मन शेफर्ड 'त्याच्यातला क्रॉस'.


टेकडीवरचा

@पेठेतला पोपट, एकच. काकांना माझा नमस्कार सांगा.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात 'जर्मन' हा शब्द कुणाला नको होता. सैनिक फ्रान्समधून ही कुत्री घेऊन आले होते आणि ठेवायची तर होती. म्हणून १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबाने जातीची नोंदच 'अल्सेशियन वुल्फ डॉग' अशी केली. अल्सास हा फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरचा, कायम या दोघांत ओढाताण झालेला प्रांत. पुढे 'वुल्फ' हा शब्दही अंगाशी आला. लांडग्याचं नाव घेतलं की मेंढ्यांचे मालक बिथरायचे, म्हणून तो गळला. अमेरिकेतही युद्धात 'जर्मन' गाळून नुसतं 'शेफर्ड डॉग' केलं होतं, ते दहा-पंधरा वर्षांत मागे घेतलं. इंग्लंडने मात्र १९७७ पर्यंत अल्सेशियनच चालवलं.

आपल्याकडे कुत्री आणि त्यांची नावं दोन्ही साहेबाकडून आली, त्यामुळे मिरजेच्या दूधवाल्याच्या तोंडी 'आलशेशन' बसला. म्हणजे बघा, लंडनच्या एका कार्यालयात रजिस्टरवर खाडाखोड झाली आणि तिचा पडसाद आमच्या गल्लीत सत्तर वर्षांनीही चालूच होता.


थेम्सकाठ

इंग्लंडातल्या क्लबाबद्दल 'जमीनदारांचा मामला' हे अगदी बरोबर. थोडी भर घालते.

इथला केनेल क्लब १८७३ मध्ये सेवॉलिस शर्ली नावाच्या खासदाराने लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर काढला. तो धरून तेरा सभासद, सगळे पुरुष. श्वानप्रदर्शनं त्याआधीच सुरू झाली होती, पहिलं १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरलं. पण नियम कुणाचे आणि खरंखोटं कोण बघणार याचा घोळ होता, तो निस्तरायला हा क्लब.

आता मजा ऐका. कुत्री वाढवणाऱ्या, दाखवणाऱ्या, बक्षिसं मिळवणाऱ्यांत बायका पहिल्यापासून भरपूर. पण क्लबाच्या पूर्ण सभासद? नाही. त्यांच्यासाठी 'लेडीज ब्रँच' हा वेगळा कोनाडा, मताचा अधिकार नाही. हे किती साली, तर १९७० च्या दशकातही! क्लबाची आश्रयदाती खुद्द राणी, जिच्या पायात दिवसभर कॉर्गी घुटमळायच्या, आणि बाकी बायकांना मत नाही.

फ्लॉरेन्स नेगल नावाची बाई होती. आयरिश वुल्फहाउंड आणि आयरिश सेटर पाळणारी, शिवाय शर्यतीचे घोडे तयार करणारी. आधी १९६६ मध्ये तिने घोड्यांच्या जॉकी क्लबाला कोर्टात खेचून बायकांना प्रशिक्षकाचा परवाना मिळवून दिला. तोवर प्रत्यक्षात घोडे तयार करणार ही आणि परवाना तिच्या तबेल्यातल्या पुरुष नोकराच्या नावावर, असा प्रकार होता. मग ऐंशीच्या घरात वय असताना ती केनेल क्लबाशी भिडली. न्यायाधिकरणात तांत्रिक मुद्द्यावर हरली, पण इतकी बोंब झाली की १९७९ मध्ये क्लबाने दार उघडलं. १९८८ मध्ये ती गेली तेव्हा नव्वदी पार केली होती.

आमच्या सासूबाईंना ही गोष्ट सांगितली तर म्हणाल्या, "म्हणजे कुत्रीला प्रवेश होता, बाईला नव्हता."


कांदेपोहे

सासूबाईंना दंडवत _/\_


स्पष्टवक्ता

धागा वाचनीय आहे, पण एवढं कौतुक कशाला? 'शुद्ध रक्त', 'वंशावळ', 'मानकात न बसणारा बाद', हे ऐकून कुणाला काहीच आठवत नाही का? जर्मनी, १९३० चं दशक, आणि मध्यभागी हाच कुत्रा. क्लब म्हणजे निवड आणि निवड म्हणजे कुणीतरी बाहेर.


टेकडीवरचा

@स्पष्टवक्ता, आठवतं. टाळलं नव्हतं, पुढच्या भागासाठी ठेवलं होतं. आता लिहितोच.

१९३३ नंतर नाझी राजवटीने देशातले झाडून सगळे श्वानक्लब एका सरकारी संघटनेखाली आणले. निवडून आलेल्या कारभाऱ्यांची सद्दी संपली. १९३५ मध्ये खुद्द स्टेफानित्झलाही अध्यक्षपद सोडावं लागलं. ज्यांच्या घरी ही कुत्री होती त्यांच्यात ज्यूही होते. १९४२ मध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी घरात कुत्रा, मांजर, पक्षी काहीही पाळायचं नाही. सभासदत्वाची गोष्टच सोडा, अंगणातलं मांजरसुद्धा काढून घेतलं.

त्याच काळात रंगाचाही निकाल लागला. होरांडच्या आईचा बाप पांढरा होता. म्हणजे एसझेड क्रमांक १ च्या रक्तातच पांढरा रंग, पण १९३० च्या दशकात मानकाने पांढरा बाद ठरवला. आजही जर्मन शेफर्डच्या मानकात पांढरा चालत नाही. मात्र तीच पांढरी पिल्लं अमेरिकेतून स्वित्झर्लंडला गेली, तिथल्या लोकांनी वेगळी वही घातली आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला 'पांढरा स्विस शेफर्ड' म्हणून पूर्ण मान्यता दिली. एका वहीत दोष म्हणून खोडलेला रंग दुसऱ्या वहीत जातीची ओळख होऊन बसला.

म्हणून कौतुक आहे ते बेतानेच. पण वही नसती तर काय, हाही प्रश्न आहे, त्यावर कुणीतरी बोला.


स्पष्टवक्ता

पांढऱ्याची गोष्ट माहीत नव्हती. धन्यवाद. बाकी मत कायम.


गुरांचा डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, सोलापूरकडे असतो. नावाप्रमाणे जास्त गुरंच बघतो, पण आठवड्याला दोन-चार जर्मन शेफर्ड येतातच.

१) खुबा. एसव्हीने १९६० च्या दशकात एक्स-रेची पद्धत आणली. कुत्रा वर्षाचा झाला की विशिष्ट स्थितीत झोपवून फिल्म काढायची, ती तज्ज्ञाकडे जाते आणि पास झाला तर कागदावर 'ए' चा शिक्का बसतो. त्यातही तीन पायऱ्या : नॉर्मल, जवळपास नॉर्मल आणि 'अजून चालवून घेतलेला'. हा तिसरा शब्दप्रयोग मला फार आवडतो, आपल्या बोर्डाच्या ग्रेस मार्कांसारखा. पण शिक्का नसला तर पैदाशीला परवानगी नाही, हा मुद्दा.

आपल्याकडचा पेपर हा नुसता जन्मदाखला आहे. आई कोण, बाप कोण, एवढंच. जन्मदाखल्यावर रक्तातली साखर लिहिलेली नसते. म्हणून पिल्लू घेताना पेपर बघा, पण त्याआधी आई-बापाच्या खुब्याची फिल्म मागा. विकणारा "तसलं काही लागत नाही हो" म्हणाला तर चहा पिऊन परत या.

२) बंद वही, म्हणजे बाहेरचं रक्त आत न घेणारी. वंशावळीत एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल तर सावध राहा. गणित सोपं आहे. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाला १,०२४ पूर्वज हवेत. पेपरवाल्या कुत्र्याला तेवढे वेगळे पूर्वज नसतातच, तीच मोजकी नावं फिरून फिरून येतात. सुरुवातच तशी झाली : होरांडचा मुलगा हेक्टर फोन श्वाबेन १९०० आणि १९०१ चा विजेता, मग सगळ्यांना त्याचीच पिल्लं हवीत. त्याशिवाय नवी जात स्थिर होत नाही हे खरं, पण त्याची किंमतही असते.

३) आकार. १९२० च्या दशकात कुत्री उंच, चौकोनी आणि बुजरी व्हायला लागली होती. १९२५ च्या प्रदर्शनात स्टेफानित्झने मुद्दाम क्लोडो फोम बॉक्सबेर्ग या बुटक्या, लांबट नराला पहिला नंबर दिला. एका निकालाने देशभरातल्या मालकांची दिशा बदलली. क्लबाची ताकद ही. पुढे तोच 'लांबट आणि मागे उतरता' प्रकार वाढवत वाढवत काहींनी असा कुत्रा काढला की उभा असताना बसल्यासारखा दिसतो. फिलॅक्सवाल्यांचं भांडण, काम की देखणेपण, अजून मिटलेलं नाही. आज कामाच्या रेषेची आणि प्रदर्शनाच्या रेषेची कुत्री शेजारी उभी केली तर सामान्य माणूस दोन जाती म्हणेल.

ब्रूनोचं वजन उतरवलंत हे उत्तम. फळीवर गोणपाट ठोका, नखं घसरतात.


टेकडीवरचा

डॉक्टर, गोणपाट आजच ठोकतो. तुमच्या प्रतिसादाचाच वेगळा धागा व्हायला हवा.


अनामिक_०७

(प्रतिसाद काढून टाकला आहे)


निशिकसाई

टोकियोहून. वही नसती तर काय, यावर जपानी उत्तर देतो.

ओदाते हे उत्तरेकडच्या अकिता भागातलं गाव, बर्फ भरपूर. तिथे कुत्र्यांच्या झुंजी लावायचा शौक होता आणि झुंजीत जिंकायला अंगाने मोठा कुत्रा हवा म्हणून लोकांनी युरोपातल्या मोठ्या जातींशी संकर केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ वळणाचा कुत्रा शोधावा लागायची पाळी आली. म्हणून १९२७ मध्ये ओदातेच्या महापौराने अकिता इनु होझोनकाई, म्हणजे अकिता कुत्र्याची संरक्षक सभा, काढली. पुढच्याच वर्षी साइतो हिरोकिची यांनी सगळ्या जपानी जातींसाठी निहोनकेन होझोनकाई स्थापली. आणि १९३१ मध्ये सरकारने अकिताला 'नैसर्गिक स्मारक' जाहीर केलं. स्मारक, म्हणजे जुनं झाड किंवा धबधबा असतो तसं!

मेलेल्या मालकाची स्टेशनावर वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या हाचिको या अकिताची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण ती जगाला कळली ती याच साइतोंमुळे. जातीची पाहणी करताना त्यांना शिबुया स्टेशनावर हा कुत्रा आढळला, त्यांनी १९३२ मध्ये वर्तमानपत्राला कळवलं. तोवर त्याचे मालक प्राध्यापक उएनो जाऊन सात वर्षं झाली होती आणि स्टेशनावरची माणसं त्याला हुसकावत, त्याच्या तोंडाला रंग फासत. बातमी आली आणि दोन वर्षांत पुतळा उभा राहिला. म्हणजे हाचिकोची निष्ठा त्याची स्वतःची, पण प्रसिद्धी मात्र एका क्लबवाल्याच्या वहीतून आली.

तुमच्या धाग्याशी जोड अशी की दुसऱ्या महायुद्धात जपानमध्ये कातड्यासाठी कुत्री गोळा करून मारली गेली. सूट फक्त लष्करी कुत्र्याला, म्हणजे जर्मन शेफर्डला. मग काही मालकांनी अकिता वाचवायला तिचा शेफर्डशीच संकर केला. युद्ध संपल्यावर सभेला पुन्हा वही उघडून एकेक वळण शोधत बसावं लागलं.

गेल्या हिवाळ्यात ओदातेला गेलो होतो. सभेची स्वतःची इमारत आहे, वर संग्रहालय. भिंतीवर जुन्या कुत्र्यांचे फोटो ओळीने, घरातले आजे-पणजे लावतात तसे, आणि खाली एक जिवंत अकिता मॅनेजरच्या थाटात बसलेली. बायको म्हणाली, हिच्यापुढे बूट काढूनच जायचं का?


जतकर

मंडळी, जर्मनी झाली, जपान झालं, आता जरा जत तालुक्यात या.

आमच्याकडं कारवानी कुत्रं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, पार लातूरपर्यंत. लांब तोंड, आत ओढलेलं पोट, चाबकासारखी शेपटी. झिपऱ्या केसाच्याला पश्मी म्हणतात. पलीकडं कर्नाटकात हेच कुत्रं मुधोळ. मुधोळचे राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी गावोगावची चांगली कुत्री हेरून सांभाळली, इंग्लंडच्या राजालाही भेट दिली, म्हणून ते नाव चाललं.

आता गंमत अशी की आपल्या देशात वह्याच दोन. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत हा 'कॅरव्हान हाउंड', आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबाच्या वहीत 'मुधोळ हाउंड'. २००५ मध्ये टपाल तिकीट निघालं ते मुधोळ नावानं. २०२० मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेनं राजपालयम आणि चिप्पीपराई या कुत्र्यांच्या जातींबरोबर नोंद केली तीही मुधोळ, राज्य कर्नाटक. मुधोळजवळ तिम्मापूरला विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथली पिल्लं २०१६ मध्ये मेरठला लष्कराकडं गेली. आम्ही नुसतं पेपरात वाचतोय. कुत्रं आमच्या दारात, नाव दुसऱ्याच्या वहीत.


कृष्णाकाठचा

@जतकर, वाद घालायचा म्हणून नाही, पण मी मूळचा मुधोळचाच, घरात मराठी, बाहेर कन्नड. तुमच्याकडं कुत्रं होतं तर नोंद का नाही केलीत? राजेसाहेबांनी केली, पुढं सरकारनं केंद्र काढलं. नाव कष्ट करणाऱ्याचं लागतं.


जतकर

दादा, खरं बोललात, म्हणून जरा लागलं. आमच्याकडं कुत्रं धनगराचं, नाहीतर शिकारीच्या नादातल्या माणसाचं. सशामागं सोडायचं, जे धरेल त्याचं वेत घ्यायचं. हीच परीक्षा, हीच निवड. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, बरंच झालं, पण कुत्र्याचं काम गेलं. लिहून कोण ठेवणार?


टेकडीवरचा

@जतकर, @कृष्णाकाठचा, तुमच्या भांडणामुळे धाग्याचं सोनं झालं.

काम गेल्यावर काय होतं याचा एक दाखला. इंग्लंडात १८३५ मध्ये बैलाशी कुत्र्यांची झुंज कायद्याने बंद झाली. बुलडॉग बेकार झाला. चाळीस वर्षांनी, १८७५ मध्ये, लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दारूच्या गुत्त्यात बुलडॉग क्लब जमला आणि त्याने जात वाचवली. वाचवली म्हणजे काय, तर आज त्या कुत्र्याला धड श्वास घेता येत नाही. क्लब कामाची जागा घेऊ शकतो, पण मग कुत्रा सभासदांच्या डोळ्याला हवा तसा होत जातो. एसव्हीने निदान पहिली तीस वर्षं मेंढपाळाला टेबलाशी बसवलं होतं.

तुमच्याकडे धनगर अजून आहेत. सभासदांची यादी त्यांच्यापासून सुरू करा की. मुधोळ म्हणा नाहीतर कारवानी, पण आई-बापाचं नाव, गाव, वेताची तारीख आणि धावताना कुणी पाहिलं, एवढं लिहून ठेवायला केनेल क्लब लागत नाही. आणि दोन्ही बाजूंनी एकच वही ठेवलीत तर अजून चांगलं.


गुरांचा डॉक्टर

+१. आणि मेलं कशाने, हेही लिहा. ते कुणीच लिहीत नाही.


कृष्णाकाठचा

जतकर दादा, व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. आमच्याकडच्या दोन माद्यांची माहिती देतो. नावाचं नंतर बघू.


जतकर

चार दिवसांनी लिहितोय. रविवारी आप्पांकडं (माझे चुलते, वय ७८) गेलो. धाग्याबद्दल सांगितलं. ते उठले, कपाटातनं दूध डेअरीची जुनी डायरी काढली. पुढून दुधाचा हिशेब. उलटी करून मागची पानं उघडली तर हे :

"राणी. रंग दुधी. पायाला पांढरं. आई सोन्याळच्या बापूची. बाप गुड्डापूरच्या यात्रेत बघितलेला मोती. पाच पिल्लं, दोन गेली. एक उमदीला दिलं."

असं तीन पानं. कुठं तारीख आहे, कुठं नुसतं 'दुष्काळाचं साल'. एक पान भिजून शाई पसरलीय, त्यावर कुणीतरी पेंडीच्या पोत्यांची बेरीज केलीय. मी विचारलं, हे कशाला लिहीत होता? म्हणाले, "भावा-भणीचं लागू नये म्हणून."

कोरी वही नेली होती. वर लिहिलं, क्रमांक १, राणी. आप्पांनी चष्मा लावून बघितलं आणि माझ्या हातातलं पेन थांबवलं. "राणी एक न्हवं. तिच्या आज्जीपास्नं लिही."